पश्चिमेच्या भिंतीवरचं लाकूड उन्हात कसं टिकवावं

नेरूळच्या रो-हाऊसचा दर्शनी भाग असो की घोडबंदर रोडवरच्या बंगल्याची बाल्कनी, बाहेरून लावलेल्या लाकडी फळ्या पहिली दोन वर्षं देखण्या दिसतात. मग एखाद्या मे महिन्यात वरची चकाकी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटायला लागते. सागवान हलकं निघालं म्हणून सुताराला बोल लावला जातो. बहुतेक वेळा दोष पॉलिशचा असतो: घरातल्या फर्निचरचं मेलामाइन किंवा लाखेचं पॉलिश बाहेर उन्हात मारलेलं असतं.

लाकडाच्या तंतूंना लिग्निन नावाचा नैसर्गिक डिंक धरून ठेवतो. उन्हातले अतिनील किरण हा डिंक तोडतात. वरचे तंतू सुटे होतात, राखाडी पडतात आणि पावसात धुऊन जातात. पारदर्शक पॉलिशमधून हे किरण आत पोचतात, त्यामुळे थर वरून शाबूत दिसला तरी ज्या लाकडाला तो चिकटलाय तेच भुसभुशीत झालेलं असतं. ऊन अडवतात ते रंगकण, चकाकी नव्हे. म्हणून दुकानात ‘एक्सटिरिअर वुड स्टेन’ मागा, तोही तपकिरी किंवा लालसर छटेचा, लाकडात मुरणारा आणि बुरशीरोधक. नुसतं जवसाचं तेल चोळू नका. ते ऊन अडवत नाही आणि आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते.

आधी कुठली भिंत?

मे महिन्यात ठाण्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो. १६ मेच्या सुमारास तर सावली पायाखालीच पडते. त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फार ऊन लागत नाही, तिला ते हिवाळ्यात लागतं. खरा मार पश्चिमेच्या भिंतीला बसतो, कारण दुपारी ३ नंतरचं ऊन तिच्यावर सरळ येतं. पैसे आणि वेळ कमी असेल तर तीच भिंत आधी घ्या.

फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. मोत्यासारखे टिकले तर या वर्षी धुणं पुरेसं आहे. दोन-चार मिनिटांत मुरले तर हात मारायची वेळ झाली. मग चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीला करडा भुसा चिकटून आला तर तेवढा थर घासून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तयारी

नरम ब्रश आणि सौम्य साबणाच्या पाण्याने फळ्या रेषांच्या दिशेने धुवा. प्रेशर पंप नको, तो मऊ तंतू उपटतो. लोखंडी खिळ्यांभोवती काळे ओघळ असतील तर ते सागातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचे आणि लोखंडाचे डाग आहेत. १ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवून ब्रशने लावा, १५–२० मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन टाका. हे विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलं आणि कुंड्या दूर हव्यात. खिळे न बदलल्यास डाग पुन्हा येतील. खाडीजवळच्या घरांना ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्टील स्क्रू घ्या.

लाकूड पूर्ण वाळू द्या. ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरवर १५ टक्क्यांच्या आत आकडा हवा. पावसाळा संपल्या संपल्या घाई केली तर थर फुगतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ या कामाला उत्तम.

जुनं पॉलिश पूर्ण काढून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग १२० ने. तिथेच थांबा. लाकूड आरशासारखं गुळगुळीत केलं तर स्टेन मुरायला जागा उरत नाही. घासून झाल्यावर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पहिला हात द्या, नाहीतर ऊन पुन्हा कामाला लागतं.

हात मारणं

१० × ८ फुटांच्या भिंतीला दोन हात म्हणजे १६० चौरस फूट. रंधा मारलेल्या फळीवर लिटरमागे साधारण १०० चौरस फूट धरा. म्हणजे २ लिटरचा डबा पुरतो. खरखरीत फळीला जवळपास दुप्पट लागतो.

पश्चिमेची भिंत सकाळी रंगवा. तापलेल्या फळीवर स्टेन मुरायच्या आत सुकतो आणि ब्रशचे पट्टे उमटतात. हाताला चटका बसत असेल तर थांबा. एका वेळी दोन-तीन फळ्या टोकापासून टोकापर्यंत पूर्ण करा, आणि १०–१५ मिनिटांनी न मुरलेला स्टेन कापडाने पुसा. दुसरा हात डब्यावर दिलेल्या अंतराने.

फळीच्या कापलेल्या टोकांना तीन हात द्या. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं, आणि चिरासुद्धा तिथूनच सुरू होतात. नवीन फळ्या बसवत असाल तर मागची बाजूही रंगवा आणि भिंतीपासून २० मिलीमीटर अंतर ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्यांवर ठोका. मागे हवा खेळली नाही तर उन्हाची बाजू आक्रसते, मागची ओली राहते आणि फळी वाटीसारखी वळते.

तेलकट स्टेनची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा, मग बाहेर मोकळी पसरून वाळवा.

पुढे

एप्रिल-मेमध्ये पश्चिमेला ५० टक्के सावलीची शेडनेट भिंतीपासून हातभर अंतरावर बांधा. गारव्यासाठी भरदुपारी लाकडावर पाइपने पाणी मारू नका. ओलं-कोरडं होऊनच बारीक चिरा पडतात. वाळ्याचे ओले पडदेही फळ्यांना टेकू देऊ नका. दरवर्षी दिवाळीनंतर थेंबांची परीक्षा करा. पश्चिमेला साधारण दोन वर्षांनी एक हात लागतो, आणि मुरणारा स्टेन असेल तर तेव्हा खरवडायची गरज पडत नाही: धुवा, वाळवा, मारा.