कॉपर कॅथोडवर काम सुरू करताय? क्यूई वाढली म्हणून लगेच खूश होऊ नका

ऐरोलीहून सकाळची ट्रान्स-हार्बर पकडून लॅबला जाते, पीएचडीचं चौथं वर्ष, काम कॉपर कॅथोडवर लेझर टाकून इलेक्ट्रॉनचा बीम काढायचं. त्यातलं जवळजवळ एक वर्ष क्यूई (क्वांटम एफिशियन्सी, म्हणजे दर फोटॉनमागे निघणारे इलेक्ट्रॉन) वाढली की बीम सुधारलाच, या गैरसमजात गेलं, तुमचं जाऊ नये म्हणून लिहितेय. व्हॅक्यूम, लेझर अलाइनमेंट वगैरे तुम्ही शिकालच.

आमचा लेझर 266 नॅनोमीटरचा, म्हणजे फोटॉन 4.66 ईव्हीचा (इलेक्ट्रॉन-व्होल्ट), आणि कॉपरचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी एनर्जी, 4.6 च्या आसपास. क्यूई इतकी कमी की लाखभर फोटॉन टाकावेत तेव्हा एखाद-दुसरा इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. मग लेझर क्लीनिंग केलं, कॅथोडवरचं इलेक्ट्रिक फील्ड वाढवलं, क्यूई चढली, मी रात्रीच गाइडना मेसेज टाकला. नंतर एमिटन्स, म्हणजे बीम किती पसरतो त्याचं माप, मोजला तर तोही वाढलेला, आणि मी महिनाभर सोलेनॉइडच (बीम फोकस करणारं चुंबक) तपासत राहिले.

दोष सोलेनॉइडचा नव्हताच. फोटॉनच्या एनर्जीतून वर्क फंक्शन वजा केलं की उरते ती एक्सेस एनर्जी, बारावीचंच आइनस्टाइनचं समीकरण. मेटलमध्ये क्यूई साधारण तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि इलेक्ट्रॉनची आडवी एनर्जी, म्हणजे एमटीई, तिचा एक तृतीयांश असते. समजा एक्सेस 0.3 ची 0.6 ईव्ही झाली: क्यूई चौपट, पण एमटीई 0.1 ची 0.2, आणि एमिटन्स लेझर स्पॉटच्या दर मिलिमीटर आरएमएस रुंदीमागे 0.44 वरून 0.63 मायक्रॉन. चार्ज तेवढाच ठेवलात तर ब्राइटनेस निम्मा. आणि एक्सेस वाढायला फार काही लागत नाही, 100 मेगाव्होल्ट प्रति मीटरचं फील्ड शॉटकी इफेक्टने वर्क फंक्शन 0.38 ईव्हीने खाली आणतं.

मग एक्सेस शून्याजवळ नेऊ का? न्या, पण रूम टेंपरेचरला एमटीई 25 मिली-ईव्हीपाशी अडते, शिवाय क्यूई पडली म्हणून लेझर वाढवलात की मल्टीफोटॉन एमिशन (एका इलेक्ट्रॉनमागे एकाहून जास्त फोटॉन) सुरू होऊन बीम परत तापतो. खरखरीत सरफेस त्यात आणखी भर घालतो.

"सरळ सेमीकंडक्टर कॅथोड लाव" हा सल्ला मिळेल. व्हॅक्यूम तितकं कडक ठेवता येत नसेल तर सोडून द्या, कॉपर बरंच सोसतं. आणि मोठ्या नावाच्या गाइडपेक्षा तुमचा ग्राफ शांतपणे बघणारा सीनियर जास्त कामाचा, हे माझं ठाम मत. मला अशाच एका सीनियरच्या एकाच प्रश्नाने वाट सापडली, "फील्ड किती होतं तेव्हा?"

घाबरू नका, सुरुवातीला सगळ्यांचे आकडे वेडेवाकडेच येतात. फक्त लॉगबुकात क्यूईच्याच ओळीत फील्ड, वेव्हलेंग्थ आणि स्पॉटचा आरएमएस लिहा, एफडब्ल्यूएचएम (निम्म्या उंचीवरची रुंदी) नाही.