शाळा चालवताना वर्तन-विश्लेषण कसे वापरावे

शाळेत वर्तन-विश्लेषण, म्हणजे वर्तनाच्या आधी व नंतर काय घडते ते पाहून वर्तन समजून घेण्याची आणि बदलण्याची पद्धत, वापरायचे ठरले की मुख्याध्यापक बहुधा मुलांच्या शिस्तीकडे वळतात. सुरुवात मात्र मोठ्यांच्या वर्तनापासून व्हावी, असे माझे ठाम मत आहे, कारण मुलाच्या वागण्याआधीची परिस्थिती आणि त्यानंतरचे परिणाम बरेचसे मोठ्यांच्याच हाती असतात.

प्रथम एकच वर्तन निवडावे व ते मोजता येईल अशा शब्दांत लिहावे. ‘वर्गात बेशिस्त आहे’ हे मोजता येत नाही. ‘शिक्षक शिकवत असताना परवानगीशिवाय जागा सोडणे’ हे मोजता येते. त्यानंतर आठवडाभर काहीही न बदलता फक्त नोंद ठेवावी. अधूनमधून दोघांनी एकाच तासाची स्वतंत्र नोंद करावी आणि आकडे जुळत नसतील तर व्याख्या सुधारावी.

नोंदवहीत तीन रकाने असावेत: आधी काय घडले, मुलाने काय केले, लगेच नंतर काय घडले. समजा, फळ्यावर अपूर्णांकांचे गणित येताच एक मुलगा वही आपटतो आणि शिक्षिका त्याला वर्गाबाहेर पाठवतात. तिसऱ्या रकान्यात आपण ‘शिक्षा’ असे लिहून मोकळे होतो. पण वही आपटणे दिवसेंदिवस वाढत असेल, तर त्या मुलाला बहुधा गणितातून सुटका मिळते आहे. अशा वेळी गणिते त्याला झेपतील इतकी सोपी करावीत, मदत मागण्याची एखादी खूण शिकवावी आणि ती खूण होताच मदत द्यावी. तेच वर्तन लक्ष वेधण्यासाठी असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करून योग्य वर्तनाची तत्काळ दखल घ्यावी. दुर्लक्ष सुरू केल्यावर ते वर्तन काही काळ वाढू शकते, आणि नेमके तेव्हाच लक्ष दिले तर ते अधिक पक्के होते, ही सूचना शिक्षकांना आधीच द्यावी. इजा होण्याचा धोका असेल तेथे अर्थातच दुर्लक्ष चालत नाही.

नियमांचा फलक लावून थांबू नये. मॅडसन, बेकर आणि थॉमस या संशोधकांच्या 1968 च्या अभ्यासात केवळ नियम सांगून फारसा फरक पडला नाही. चांगल्या वर्तनाचे कौतुक आणि अयोग्य वर्तनाकडे दुर्लक्ष यांची जोड मिळाल्यावर तो पडला.

शिक्षकांनाही हेच लागू आहे. मुख्याध्यापक केवळ चूक दाखवायला वर्गात येत असतील, तर नोंदी खऱ्या राहत नाहीत. म्हणून काय चांगले झाले ते त्याच दिवशी, नेमके सांगावे.

दर आठवड्याला नोंदींचा आलेख सर्वांसमोर मांडावा. दोन-तीन आठवड्यांत रेषा हलली नाही, तर उपाय बदलावा आणि बदलाच्या दिवशी आलेखावर उभी रेघ ओढावी, म्हणजे आधीचा व नंतरचा काळ वेगळा वाचता येतो.