‘विशेष शिक्षा’ म्हणजे शिक्षा नव्हे: इंदूरच्या मराठी पालकांनो, या चुका टाळा

शाळेतून आलेला फॉर्म मी मोठ्याने वाचत होते: ‘विशेष शिक्षा की आवश्यकता वाले बच्चे’. पोळी लाटता लाटता सासूबाई थांबल्या. “अगं, पोराने असं केलंय तरी काय?” हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्यांना इंदुरात पन्नास वर्षं काढल्यावर ठाऊक आहेच. पण नातवाचं नाव आलं की कान मराठी होतात.

तेव्हा हसलो. पुढची दोन वर्षं मात्र शब्दांनीच आम्हाला दारोदार फिरवलं.

गोड शब्दावर समाधान मानू नका

मुलाच्या तपासणीच्या पहिल्या रिपोर्टात एका समुपदेशकांनी ‘स्लो लर्नर’ लिहून दिलं. ऐकायला सौम्य वाटलं, आम्ही मान डोलावली. तोच कागद पुढे कुठेच चालेना. दिव्यांगजन अधिकार कायदा, 2016 मध्ये दिव्यांगतेचे 21 प्रकार आहेत आणि त्यांत ‘स्लो लर्नर’ नाही. ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे. वाचनातला डिस्लेक्सिया, लेखनातला डिसग्राफिया, आकडेमोडीतला डिसकॅल्क्युलिया त्यात येतात. ‘बौद्धिक अक्षमता’ही आहे, पण ती वेगळी. बुद्ध्यांक साधारण 70 ते 85 असला की स्लो लर्नर म्हणतात. अध्ययन अक्षमतेत बुद्धी शाबूत असते, अडतं ते वाचन, लेखन किंवा आकडेमोड. आमचे चिरंजीव पोहे-जलेबीच्या गाडीवर पाच जणांचा हिशेब तोंडी करतात आणि गाडीवरची पाटी वाचायला अर्धा मिनिट घेतात. हे मी सांगितलंच नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही न विचारता सांगा.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचंही तसंच. त्या 21 नावांत तो स्वतंत्र नाही. रिपोर्टात तेवढंच असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी झाली का, हे विचारा. चाचणी घेणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदलेले हवेत. केंद्राच्या 2018 च्या सूचनांत अध्ययन अक्षमतेच्या दिव्यांगता प्रमाणपत्रासाठी 8 हे पहिलं वय, आणि 14 व 18 ही पुन्हा तपासणीची वयं धरली होती. तेव्हा पहिलीतल्या मुलाचं प्रमाणपत्र मिळत नाही म्हणून भांडू नका. मदत मात्र पहिलीतच सुरू करा, तिला कागद लागत नाही.

तीन भाषांचा गोंधळ म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे

ही चूक आपल्याकडे खास. घरी मराठी, अंगणात हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठीत ‘कवी’ दीर्घ, हिंदीत ‘कवि’ ऱ्हस्व. मूल एका वहीतलं दुसऱ्या वहीत लिहितं आणि दोन्हीकडे लाल शाई खातं. ‘त्रेचाळीस’ म्हटलं की आधी तीन ऐकू येतो, म्हणून लहान मूल 34 लिहून मोकळं होतं. पाच-सहा वर्षांच्या पोराचं हे चालायचंच. चौथीतही तसंच राहिलं आणि अडचण तिन्ही भाषांत दिसली, तर तपासणी करा. एकाच भाषेत दिसली तर आधी ती भाषा कशी शिकवली जाते ते बघा. आणि सायकॉलॉजिस्टना घरची भाषा सांगाच. आम्ही ‘हिंदी’ असं ठोकून दिलं होतं, उगाच वेगळं दिसायला नको म्हणून!

शिकवणीच्या बाईंना स्पेशल एज्युकेटर समजू नका

शिकवणीत धडा पुन्हा होतो. स्पेशल एज्युकेटर धडा बाजूला ठेवून वाचायचं कसं ते शिकवतात. त्यांचा आरसीआय क्रमांक मागायला संकोच नको. आयईपी, म्हणजे मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, त्यांच्याकडून लेखी घ्या. त्यात ‘वाचन सुधारेल’ एवढंच असेल तर परत पाठवा. ‘तीन महिन्यांत जोडाक्षरांचे दहापैकी आठ शब्द न अडखळता वाचेल’, असं हवं.

40 टक्के म्हणजे गुण नव्हेत

प्रमाणपत्रावरचे 40 टक्के म्हणजे कायद्यातली ‘लक्षणीय दिव्यांगता’. काही लाभ तिथूनच सुरू होतात. पण “40 नाहीत, लेखनिक मिळणार नाही” असं ऐकून निमूट परत येऊ नका. फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट लेखनिकाच्या आड येऊ दिली नाही. विकास कुमार यांना रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 पेक्षा कमी टक्के असलेल्या आणि लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. सध्या लागू असलेल्या सूचनांची प्रत जवळ ठेवा.

सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला 60 मिनिटं जादा मिळतात. ती शाळेमार्फतच मागायची, म्हणून नववीच्या नोंदणीच्या वेळीच शाळेशी बोला. चार तास बसायची सवय घरी लावा. आमच्या पोराने पहिल्यांदा जादा वेळात समासात क्रिकेटची मैदानं काढली.

नावातला ळ

हे क्षुल्लक वाटतं, पण सगळ्यात जास्त फेऱ्या यानेच घालायला लावल्या. आडनावात ळ असेल तर हिंदी कागदांत त्याचा ल होतो; काळ्यांचे काले होतात. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आधार आणि शाळेची नोंद शेजारी शेजारी ठेवून बघा. तिन्हीकडे स्पेलिंग आणि जन्मतारीख एक करून घ्या, मगच यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज भरा.