आधी वॅटमीटर, मग सोलर : गावच्या कार्यालयातली यंत्रं सांभाळू पाहणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायत, सेवा सहकारी सोसायटी, आपले सरकार सेवा केंद्र, शाळेची संगणक खोली, जिनिंगचा वजनकाटा. आयटीआय किंवा डिप्लोमा करून विदर्भातल्या आपल्या तालुक्यात परतलेल्याला काम मिळतं ते याच ठिकाणी. तिथे 'पर्यावरणपूरक कार्यालय' हा शब्द काढला की समोरचा मान वर करून टिनाकडे बघतो आणि विचारतो, सोलर केवढ्याचं पडेल? तो प्रश्न शेवटी घ्यायचा. आपल्याकडे यंत्रं वापरून झिजत नाहीत, उन्हाने, धुळीने आणि होल्टेजने मरतात. संगणक घडवताना लागलेलं खनिज, पाणी आणि वीज आधीच खर्ची पडलेली असते. चार वर्षांत फेकलं जाणारं यंत्र आठ वर्षं चालवलं, तर एकेका वर्षाच्या वाट्याला येणारा तो भार निम्मा होतो. विजेचं म्हणाल तर तिचा धूर लांब कुठे नाही, चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतूनच निघतो. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

पहिलं हत्यार सॉकेटमध्ये खोचायचा वॅटमीटर, यंत्र किती वीज ओढतं ते दाखवणारा. प्रत्येक यंत्राची चार मापं घ्या : यंत्र बंद पण भिंतीवरचं बटण चालू, स्लीप, नुसतं सुरू, आणि काम करताना. जुना डेस्कटॉप मॉनिटर धरून ७० ते ९० वॅट घेतो, मिनी पीसी मॉनिटरसकट ३० ते ३५, लॅपटॉप २० ते ३०. रोज आठ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ८० वॅटचा डेस्कटॉप १६ युनिट खातो, ३५ वॅटची जोडी ७. नवख्यांचं लक्ष एवढ्यावरच थांबतं. टेबलाखालचा छोटा यूपीएस (लाइन गेली की संगणक थोडा वेळ चालू ठेवणारी पेटी) मात्र काही न करता दिवसरात्र ८ वॅट ओढत असेल, तर महिन्याला जवळपास ६ युनिट तिथेच जातात. कार्यालयाला इन्व्हर्टर असेल आणि लाइन गेल्यावर तो यूपीएस मोडवर संगणक न विझवता भार उचलत असेल, तर टेबलाखालचा यूपीएस काढून टाका. आधी चाचणी करा : महत्त्वाची फाइल उघडी नसताना मेन स्विच पाच-सहा वेळा पाडून बघा. संगणक एकदाही रीस्टार्ट झाला तर इन्व्हर्टर त्या कामाचा नाही.

मापं तारखेसकट वहीत लिहा. एप्रिलचं बिल जानेवारीच्या बिलाशी ताडू नका, मधे कूलर येतो.

'बॅकअप पुरत नाही, दुसरी बॅटरी लावून द्या' ही मागणी हमखास येते. तिथे आधी गणित मांडायचं. १२ व्होल्ट, १५० एएचची (ॲम्पिअर-तासांची) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमध्ये पंधरा टक्के गळती धरली की हाती साधारण ७६५ राहतात. दोन डेस्कटॉप (१६०), दोन साधे पंखे (१५०) आणि राऊटर (१०) असा ३२० वॅटचा भार असेल तर सव्वादोन ते अडीच तास. तेच दोन मिनी पीसी (७०), दोन बीएलडीसी म्हणजे कमी विजेच्या मोटरचे पंखे (६०) आणि राऊटर केलं की भार १४० वॅट, आणि तीच बॅटरी साडेपाच तासांच्या आसपास चालते. शिवाय बॅटरीतून घेतलेला एक युनिट फुकट नसतो. चार्जिंगमधली आणि इन्व्हर्टरमधली गळती मिळून तो परत भरायला जवळजवळ दीड युनिट लागतो. भार कमी न करता बॅटरी वाढवणं म्हणजे फुटक्या माठाखाली मोठी परात ठेवणं.

लेसर प्रिंटर इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवू नका. कागद तापवणारा फ्यूजर छापताना ४०० ते ६०० वॅट घेतो, सुरुवातीला त्याहून वर उडी मारतो, आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून सगळंच विझवतो. मग दोष बॅटरीवर येतो.

बॅटरी हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात विषारी भाग. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, आणि आपण ती ठेवतो कुठे, तर टिनाखालच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात, जिथे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो. उत्तर किंवा पूर्वेची भिंत, खाली लाकडी स्टँड, वर-खाली हवा खेळायला जागा. दप्तराच्या बंद खोलीत ती ठेवू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि ॲसिडच्या वाफेने फायली पिवळ्या पडून चुरतात. पाण्याची पातळी एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्याला बघायची. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं तर नाहीच, आरओचंही नाही, कारण त्यात क्षार उरतातच आणि प्लेटवर बसतात. प्लेटा बुडालेल्या असतील तर पाणी पूर्ण चार्जनंतर टाका. आधी काठोकाठ भरलं की चार्ज होताना ते फुगून बाहेर येतं आणि ॲसिड फरशीवर सांडतं. कमी झालं म्हणून ॲसिड कधीच टाकू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

चष्मा आणि रबरी हातमोजे घालून हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता मोजा. पूर्ण चार्जचा आकडा बॅटरीच्या लेबलवर असतो, बहुधा १.२४ ते १.२८ च्या मधला. पाच सेल सारखे आणि एक ०.०५ ने खाली असेल तर तो सेल जायला लागलाय. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने काढा (आधी वायर सोडवा आणि सेलची झाकणं घट्ट लावा, सोडा आत गेला की ॲसिड मारतो) आणि नंतर व्हॅसलिन लावा. आत किती पाणी आहे ते बघायला काडी पेटवणारे अजून भेटतात. त्यांना आधी बाजूला करा.

आता ऊन आणि धूळ. विदर्भात संगणकाचा पहिला वैरी म्हणजे त्याच्यावर रोखलेला कूलर. कूलरचं पाणी बोअरचं, जड. झोतासोबत बारीक तुषार येतात, मदरबोर्डवर पांढरा थर बसतो, रॅमच्या पट्टीवर गंज चढतो, आणि जूनमध्ये 'संगणक चालूच होत नाही'. झोत माणसांकडे हवा, यंत्राकडे नको. कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर लावला की दमटपणा साचतो आणि गारवाही मिळत नाही. तरीही कूलर सोडून एसी बसवा असा सल्ला देऊ नका. कूलरचे १५०-२०० वॅट आणि दीड टनाच्या एसीचे दीड हजार वॅट यांची तुलनाच नाही, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर आपलं काम चोख करतो. टिनाच्या छताला बाहेरून पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारायला सांगा, तो खर्च दोन्हींपेक्षा कमी.

धूळ गावागणिक वेगळी. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी, दिवाळीनंतर जिनिंगची सरकी-रुई, वणी-घुग्घुस-बल्लारपूर पट्ट्यात बारमाही कोळसा. रुईचे तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटीत नमद्यासारखे घट्ट बसतात आणि नुसत्या फुंकीने निघत नाहीत. आधी रंगाच्या ब्रशने उचलायचे, मग ब्लोअर. कोळशाची धूळ पावसाळ्यात दमट झाली की सर्किटवर विजेला आडवाट करून देते, म्हणून त्या पट्ट्यात सफाई पावसाआधी उरकाच. एरवी दोन महिन्यांनी, जिनिंगच्या हंगामात पंधरा दिवसांनी. संगणकाचा डबा बाहेर ओसरीत न्या, पिन काढा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरने पंखा भन्नाट फिरला की त्याचं बेअरिंग जातं. दोन वर्षांत एकदा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला, वाटाण्याएवढी पुरते.

होल्टेजचं दुखणं वेगळं. शेतीपंप सुरू झाले की दाब पडतो, ते एकवेळ चालतं. बऱ्याच संगणकांचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) १८० व्होल्टलाही तग धरतो. खरा घात डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटली की होतो. मग २३० च्या जागी तीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात आणि एका क्षणात राऊटर, मॉनिटर, प्रिंटर सगळं जातं. एक दिवा भगभगीत आणि दुसरा मिणमिणता दिसला की विचार न करता मेन पाडा. कायमचा उपाय म्हणजे मुख्य बोर्डात बसणारा व्होल्टेज प्रोटेक्टर, जो २७० च्या वर लाइन तोडतो आणि दाब नीट झाला की उशिराने जोडतो. या एका छोट्या पेटीने जितका ई-कचरा वाचतो तितका कुठल्याही फलकाने वाचत नाही.

अर्थिंग मल्टिमीटरने तपासा : न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त नको, फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळजवळ सारखं यायला हवं. आकडे जुळले म्हणजे अर्थिंग उत्तम असं मात्र नाही, ओहममधलं खरं माप अर्थ टेस्टरनेच मिळतं. आपल्या काळ्या जमिनीची खोड अशी की उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते आणि सळईला सोडून देते. जानेवारीत चांगली असलेली अर्थिंग मेमध्ये नावापुरती उरते, आणि नेमक्या जूनच्या पहिल्या विजा तिच्यावर पडतात. मार्चपासून आठवड्याला बादलीभर पाणी खड्ड्यात ओता. वायरिंगला हात लावायचा तर परवानाधारक वायरमनच हवा, उत्साहात हे विसरू नका. विजा कडाडू लागल्या की प्लगसोबत नेटवर्कची केबलही काढायला कर्मचाऱ्यांना शिकवा, कारण झटका त्या वाटेनेही येतो.

'संगणक जुना झाला, नवा घ्या' असं म्हणण्याआधी दोन गोष्टी. घड्याळ मागे पडलं की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, डिजिटल सही चालत नाही, आणि सेवा केंद्राचं काम ठप्प होतं. कारण बहुतेकदा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल, किंमत एका चहा-पोह्याची. दुसरं, हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी आणि रॅम ८ जीबी केली की दहा वर्षांचं यंत्रही कार्यालयीन कामाला पुरतं. अडचण विंडोज १० ची आहे : १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून चालू यंत्रं भंगारात काढायची गरज नाही. टायपिंग, ईमेल, शाळेतला सराव यांना विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली उत्तम चालते. पण सहीचं टोकन, अंगठ्याचं यंत्र आणि स्कॅनर यांचे ड्रायव्हर लिनक्सवर चालतात का ते पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे यंत्रात न बसवता, चालवून तपासल्याशिवाय शब्द देऊ नका. पुष्कळदा चालत नाहीत. मग एक यंत्र विंडोज ११ चं आणि बाकीची लिनक्सवर, अशी वाटणी करा.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. रोज छपाई असेल तर इंक टँक वीज फार कमी घेतो, पण आपल्या उन्हाळ्यात आठ दिवस बंद राहिला की हेड वाळतो. तीन-चार दिवसांनी एक रंगीत पान काढा. पाण्यात विरघळणाऱ्या साध्या डाय शाईचा सातबारा पावसात भिजला की पुसतो, काळी शाई न विरघळणाऱ्या पिगमेंटची आहे का ते विकत घेतानाच बघा. लेसरचं टोनर तीन-चारदा भरता येतं. सांडलेली पूड ओल्या फडक्याने पुसा, फुंकू नका.

आता सोलर. वरचं सगळं झाल्यावर लागणारी क्षमता बहुधा आधी वाटली होती त्याहून बरीच कमी निघते. १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिटच्या आसपास देतं, सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा घेतं. तोंड दक्षिणेला, कल २० अंशांच्या जवळ. पॅनल टिनाला चिकटवू नका, खालून वितभर हवा जाऊ द्या. पॅनल २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटतं. मेमध्ये ते ६५ अंशांवर गेलं की १४ टक्के गेलेच. धुणं पहाटे, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. केबल पाइपातूनच न्या, वानरं लोंबकळलेली वायर सोडत नाहीत. आणि आधीच स्पष्ट सांगा : बॅटरीविना ग्रिडला जोडलेलं सोलर लाइन गेली की स्वतःही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते तसंच बनवलेलं असतं. हे आधी न सांगितल्यामुळे भर दुपारी अंधारात बसलेलं कार्यालय तुम्हाला पुन्हा दारात उभं करत नाही.

जुनं सामान भंगारवाल्याला दिलं की तांब्यासाठी वायर जाळली जाते आणि बॅटरीचं ॲसिड नाल्यात ओतलं जातं. बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्या, ॲसिडसकट, वजन करून आणि पावती घेऊन. बॅटरी कचरा नियम २०२२ चे आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांतली मोठ्या ग्राहकाची व्याख्या वर्षात हजार उपकरणं वापरणाऱ्याला लागते, म्हणून ग्रामपंचायत त्यात येत नाही, पण माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रादेशिक कार्यालयं नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला आहेत, चौकशी तिथे करा. एका गावाचा माल अर्धं पोतं, त्यासाठी कुणी गाडी पाठवत नाही. वीस गावांचा एकत्र केला तर छोटा हत्ती भरतो. सरकारी माल असेल तर आधी जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखनाचा ठराव, मगच उचल. नाहीतर पुढच्या ऑडिटमध्ये तुमचं नाव निघतं. आणि डिस्क पुसल्याशिवाय काही हलवू नका, त्यावर गावाची आधारकार्डं असतात. हार्ड डिस्क एकदा पूर्ण पुनर्लेखन करा, बंद पडलेली असेल तर ड्रिलने भोकं पाडा.

पैसे कसे घ्यायचे हे इथे तांत्रिक बाबीइतकंच महत्त्वाचं. नवा माल विकल्यावरच ज्याची कमाई होते, त्याच्या हातून जुनं यंत्र वाचत नाही. म्हणून वर्षाचा देखभाल करार करा आणि भेटी ठरवून घ्या : होळीच्या सुमारास बॅटरी, अर्थिंग, कूलरची जागा, मेच्या शेवटी धूळ, प्रोटेक्टर, केबल, दिवाळीनंतर पुन्हा धूळ आणि वॅटमीटरची मापं. ग्रामपंचायतीला पटवायला 'माझी वसुंधरा' अभियानाचे गुण कामी येतात, वीजबचतीचं काम तिथे दाखवता येतं. सोसायटीला मात्र फक्त बिल दाखवा. शिक्षण म्हणून आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा कोपा (संगणक चालवण्याचा) ट्रेड पुरेसा, सोलरमध्ये जायचं तर सूर्यमित्र प्रशिक्षण बघा. पिशवीत मल्टिमीटर, वॅटमीटर, हायड्रोमीटर, ब्रश, थर्मल पेस्ट, चार सीआर २०३२, एसएसडी क्लोन करायची केबल आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह. ब्लोअर गाडीला मागे बांधा, पिशवीत टाकला की त्याच्या धुळीने बाकी सगळं खराब होतं.