"दीडच तास तर आहे!" पार्ट-टाइम कोचिंग करणाऱ्यांनो, या चुका टाळा

नागपुरात रेशीमबागेच्या मैदानावर मी संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. दिवसभर सदरला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, घर मानेवाड्याला. हे चौदावं वर्ष. उत्साहानं कोचिंग सुरू करून दुसऱ्या पावसाळ्याच्या आत शिट्टी खुंटीला टांगणारे इतके पाहिले, की आता चेहऱ्यावरून ओळखते. माणसं नवी असतात, चुका त्याच.

घरी खोटी वेळ सांगणं

ही सगळ्या चुकांची आजी. नवा माणूस घरी सांगतो, "सहा ते साडेसात. दीडच तास तर आहे." खो-खोचा सामनाही कागदावर चार पाळ्यांचा, ९ मिनिटांची एक, म्हणजे ३६ मिनिटांचा. पण सामन्याला नेलेल्या पोरी घेऊन मी कधी तीन तासांच्या आत परतलेली नाही. सरावाचं तसंच. चुन्याच्या रेषा आखा, खांब हलतो का बघा, डाइव्ह मारून सोललेली कोपरं धुऊन द्या. आणि सगळ्यांत जास्त वेळ खाते ती शेवटची मुलगी, जिला न्यायला अजून कोणी आलेलं नसतं.

मी सात वर्षं घरी "साडेसातला सुटते" असंच सांगत होते. सुटत होत्या मुली, मी नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आठची वेळ. यजमान हिंगण्याला सेकंड शिफ्टला. साडेसातला सगळ्या गेल्या, अकरा वर्षांची एक राहिली. तिच्या वडिलांना फोन केला तर, "मॅडम, पाचच मिनिटं, निघूनच राहिलो." दहा मिनिटांनी, "मेडिकल चौकात आहे." तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही, अन् वरून पाऊस सुरू. आम्ही दोघी एका पत्र्याखाली. ती मला म्हणते, "मॅडम, तुम्ही जा नं, मी थांबते." अकरा वर्षांच्या पोरीला अंधारात एकटी सोडून कोण जाईल? ते आले आठ वीसला. गाडी पंक्चर झाली होती म्हणे.

घरी पोचले तेव्हा पावणेनऊ. सासूबाई सातपासून चांगली साडी नेसून, फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी साडेसात धरून बसले होते गं." ते मला अजून बोचतं.

तेव्हापासून घरी मी सव्वाआठ सांगते. आठला पोचले तर सगळे खूश. पालकांना सुटायची वेळ सव्वासात सांगते आणि साडेसातपर्यंत मुलींना पाणी पिणं, बूट बदलणं, गप्पा यांत अडकवून ठेवते. डायरीत प्रत्येकीच्या नावापुढे तीन नंबर: दोन घरचे, एक शेजाऱ्यांचा. महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला तर त्या मुलीला दोन दिवस सुट्टी. "तिची काय चूक?" असं मला विचारतात. खरंय, तिची काहीच नाही, आणि माझ्याकडे याला गोड उत्तरही नाही. पण बाप लोक आता सात दहालाच गाडी लावून उभे असतात.

"मोठ्या मुलीवर सोपवून निघायचं, काय होतं?" हा शॉर्टकट मला कोणी सुचवू नका. पंधरा वर्षांची पोरगी कुणाची पालक नसते.

एकदम तीन बॅच घेणं

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांच्या फायनलमध्ये भारतानं नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर अन् प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. झालं! त्या उन्हाळ्यात जो कधीकाळी शाळेकडून खेळला होता त्यानं शिबिर काढलं. एक पोरगा मला भेटला, मिहानमध्ये नाइट शिफ्ट, सकाळी एक बॅच, संध्याकाळी दोन. "ताई, अजून एक मैदान मिळेल का?" बायको बाळंतपणाला माहेरी, म्हणून वेळच वेळ आहे म्हणे. बाळ घरी आलं अन् तिन्ही बॅच बंद, वर पालकांना फी परत द्यायची पाळी. पहिली दोन वर्षं एकच बॅच घ्या. कंटाळा येत असेल तर येऊ द्या.

उन्हाळ्याचं एकच सांगते. मेमध्ये इथे साडेपाचला उजाडतं. सहाला सुरू करा, साडेसातला बंद. "आठ ते दहा ठेवलं तर माझी झोप होते" म्हणणाऱ्यानं ४५ डिग्रीच्या शहरात कोच होऊ नये. झोप दुपारी काढा, कूलरसमोर.

स्वतःचं पोर संघात घेणं

घेऊ नका, असं म्हणत नाही. माझी लेक माझ्याकडेच खेळली. घोळ मैदानावर होत नाही, गाडीवर होतो. घरी जाताना स्कूटीवर मी सुरू व्हायचे: खो उशिरा दिला, खांबाजवळ वळताना तोल गेला, पाठलागात दिशा बदलून फाउल केला. मागून फक्त "हो" यायचं. मग एक दिवस ती म्हणाली, मी मैत्रिणीच्या आईसोबत येते, त्यांच्या वाटेवरच आहे आपलं घर. त्यांचं घर नंदनवनला. मानेवाडा त्यांच्या कुठल्या वाटेवर येतो, हे समजायला मला पंधरा दिवस लागले.

आता नियम असा की वाटेतला तुकडोजी पुतळा येईपर्यंत तिनं विषय काढला तरच खो-खो, पुतळ्यानंतर कोणीच नाही. बहुतेक वेळा आम्ही भाजी काय करायची यावर भांडतो.

बाकीच्या, भराभर

सरकारी नोकरीत असाल तर पैसे घेऊन शिकवण्याआधी परवानगी घ्या. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ वाचा, "साहेब ओळखीचे आहेत" यावर जाऊ नका.

फी रोख आली तरी ती उत्पन्नच आहे. पगाराच्या जोडीला हे आलं की इन्कम टॅक्स रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही. अकाउंट्सवाली म्हणून सांगते, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे येऊ नका.

पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स चांगला, पण रजेचा हिशेब आधी घरी मांडा, फॉर्म मग भरा.

ग्रुपवर रात्री नऊनंतर उत्तर देऊ नका. एकदा दिलं की रोज द्यावं लागतं.

सणाला सामना गृहीत न धरणं

शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात, आणि तारीख हमखास पोळा, गणपती किंवा महालक्ष्म्यांवर येते. विदर्भातल्या सुनेला महालक्ष्म्यांचा अर्थ सांगायला नको. सोळा भाज्या, आंबील, पुरण, अन् दारात पाहुणे. एका वर्षी मी जेवणाच्या दिवशीच सामन्याला गेले. जाऊबाईंनी एकटीनं सगळं उरकलं आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलल्या.

आता पाडव्याला नवं कॅलेंडर घेते तेव्हाच पाच दिवसांवर लाल गोल काढते. मार्चएंडचा आठवडा वेगळा, तो ऑफिसचा. त्या पाच दिवसांत सामना आला तर सहायक मॅडम जातात. मागच्या वर्षी तसंच झालं. दुपारी अडीचला कॅप्टनचा फोन आला, एका गुणानं हरल्या होत्या, रडत होती. मी फोन खांद्यावर धरून तिला समजावत होते, दुसऱ्या हातानं पुरण ढवळत होते. पुरण करपलं नाही.