विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतराचे उत्तर अगदीच अचाट आले तर चूक लगेच ध्यानात येते. घात होतो तो पटण्याजोग्या चुकीच्या उत्तराने. फिनलंडमधील हेलसिंकी आणि अलास्कातील अँकरेज ही जोडी पाहा. दोन्ही विमानतळ साठाव्या अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे सपाट नकाशावर त्यांच्यामध्ये सरळ आडवी रेषा ओढली जाते, आणि त्या अक्षवृत्तावरून मोजलेले अंतर सुमारे ९,५०० किलोमीटर भरते. प्रत्यक्षात दोघांच्या रेखांशांत जवळजवळ १७५ अंशांचा फरक आहे, म्हणून सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि तो सुमारे ६,५०० किलोमीटरच आहे. हे अंतर हॅवरसाइन सूत्राने, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचे अंतर देणाऱ्या सूत्राने, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून काढावे. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याने साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत तफावत राहते, पण अंदाजासाठी तिची फिकीर करू नये.

याच जोडीत अँकरेजच्या पश्चिम रेखांशाचे ऋणचिन्ह गळाले, तर उत्तर ५,७०० किलोमीटरच्या आसपास येते, आणि त्यात वावगे काही दिसत नाही. अशा वेळी घेतलेला बिंदू नकाशावर टाकून पाहावा: चिन्हाविना तो अलास्काऐवजी रशियाच्या अतिपूर्वेला, मगादानच्या बाजूला पडतो. अंश आणि कला (अंशाचा साठावा भाग) यांचीही अशीच गल्लत होते. २४ अंश ५८ कला म्हणजे २४.५८ नव्हे, तर २४.९६७ अंश. कोन अंशांतून रेडियन या दुसऱ्या एककात बदलायचे राहिले तर उत्तर कधी विचित्र, तर कधी पटण्याजोगेही येते, म्हणून ही चूक आपणहून ध्यानात येईल असे धरू नये. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा आणि साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, एवढे मात्र तपासून घ्यावे.

वेळेचा हिशेब अधिक निसरडा आहे. लंडन ते न्यूयॉर्क हे सुमारे ५,५४० किलोमीटर विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागले की सहा तासांहून थोडे अधिक येतात, पण वेळापत्रकात जाताना साधारण आठ आणि येताना सात तास दिसतात. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. तिच्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण आणि उतरण धरलेली असते. शिवाय पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचीवरचे वेगवान वारे, एका दिशेला साथ देतात आणि दुसऱ्या दिशेला अडवतात, त्यामुळे जाण्याचीच वेळ येण्याला लावणे चुकीचे ठरते.

सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या स्थानिक वेळा थेट वजा करणे ही तर नेहमीची चूक. हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेले विमान दहा तासांनी लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी १० वाजता उतरते. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी) आणाव्यात, म्हणजे वाररेषेचा आणि उन्हाळी वेळेचा गोंधळ उरत नाही.

एवढे करूनही आकडा जुळत नसेल, तर मार्गच वळवलेला आहे का हे पाहावे. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. परंतु २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना बंद झाल्यापासून साडेनऊ तासांच्या आसपासचा हा प्रवास तेराच्या घरात गेला आहे, आणि हे वळण कोणत्याही सूत्रात सापडत नाही.