वही आणली का? सात बेटांची तयारी, दुसऱ्यांदा

मागच्या वर्षी आमच्या ‘सात बेटां’ची, म्हणजे ग्रुपने मिळून रचलेल्या कल्पित मुंबईची, वाट कॉलेजच्या हॉलमध्ये लागली, तीन टेबलं जोडून मांडलेल्या आमच्याच प्रदर्शनात, आणि लावली ती ग्रुपमधल्याच एकाच्या आत्याने, तेही कौतुकाने बघायला आलेली असताना. यंदा परत करतोय, निम्मी पोरं नवीन आहेत, रोज कोणीतरी विचारतं काय तयारी करू, प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहिते. आधी वही आणा. लॅपटॉप, चार्जर, स्केचबुक तुम्ही आणालच. वही आणा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: मुंबईची सात बेटं कधी जोडलीच गेली नाहीत असं धरायचं. वरळीचा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला, तो आमच्या जगात झालाच नाही, त्यामुळे महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत येतच राहिलं, पार भायखळ्याच्या सखल भागापर्यंत, आणि आजची पोरं होडीने कॉलेजला जातात. या जगातल्या कथा, नकाशे, एक ऑडिओ मालिका, माझगाव बेटावरच्या एका पोरीचं इन्स्टा अकाउंट, सगळं आठ-दहा जणांनी मिळून करायचं. ऐकायला भारी वाटतं. आठ-दहा जण आठ-दहा वेगवेगळे समुद्र तयार करतात हे नंतर कळतं.

वाचन थोडं करा पण करा. मुंबई शहराचं १९०९-१० चं गॅझेटियर ऑनलाइन फुकट मिळतं, तीन खंड आहेत, इंग्रजीत आहे, सगळं वाचायला कोणी सांगितलं नाहीये, बेटं आणि खाड्यांची पानं तेवढी शोधा. बाकी बसच्या पाट्या वाचल्या तरी पुष्कळ मिळतं. उमरखाडी म्हटल्यावर तिथे खाडी होती हे वेगळं सांगायला नको, आणि खाडीतून चालत आलं की लोक जिथे पाय धुवायचे ती पायधुनी, असं सांगतात. आमची निम्मी कथा या दोन नावांतून निघाली. आणि बुडाली पण तिथेच.

झालं असं. आमची नायिका अवसेच्या रात्री बारा वाजता माझगावहून उमरखाडी चालत ओलांडते, पाणी घोट्याएवढं, पलीकडे पायधुनीला पाय धुते, साडीचा काठ पिळते. कथा झकास होती, वाचून एक मॅडम रडल्या होत्या. शेजारच्या टेबलावर हेडफोन लावला की त्याच अवसेला, त्याच बाराला, त्याच खाडीत भरतीच्या पाण्यात होडी उलटत होती. आणि दोन्हीच्या मागे भिंतीवर नकाशा, त्यात तिथे चक्क दगडी पूल. आत्या वरळी कोळीवाड्यातली. तिने कथा वाचली, हेडफोन लावला, काढला, नकाशाकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरांनो, अवसेला बाराला तिथं पाणी आहे का नाही, एकदा काय ते ठरवा." मग तिनेच हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीनला भरती. अवस म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आतबाहेर पाणी काठोकाठ, दुपारी तसंच रात्री. म्हणजे आमची बाई दोन पुरुष पाण्यातून साडीचा काठ सांभाळत चालली होती.

कथावाली म्हणाली, ठीक आहे, अष्टमी करते, आठची पाऊणपट सहा, सहाला भरती तर बाराला ओहोटी. आत्या हसायलाच लागली. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, तळ उघडा पडणार कसा? तळ पडतो तो उधाणाच्या ओहोटीला, अवसेला किंवा पुनवेलाच, पण सहाच्या सुमारास. म्हणजे सीन मध्यरात्रीचा उचलून पहाटे न्यायला हवा होता, बाकी काही नाही. आणि खरं सांगू, पहाटे तो जास्त चांगला झाला असता, अंधुक उजेड, चिखलात रुतलेल्या होड्या, टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका. जळफळाट झाला नुसता.

पण खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. हे आम्हाला माहीत होतं! जूनमध्ये कँटीनमध्ये ठरलं होतं, आत्याच्याच भाच्याने सांगितलेलं की अवसेला बाराला भरती. ऑडिओवाल्यांनी तसंच लिहिलं. कथावाली त्या दिवशी तापाने घरी. नंतर ती आणि मी एकदा हार्बरच्या गाडीत उभ्या होतो, तिने सीन सांगितला, मला आवडला, मी म्हटलं जाऊ दे चालत, ग्रुपवर टाकते. वडाळ्याला उतरले आणि विसरले. टाकलंच नाही. नकाशावाल्याला तर भरतीही माहीत नव्हती आणि चालणंही, त्याला पूल छान काढता येतो म्हणून त्याने पूल काढला, त्याची काय चूक.

म्हणून वही. दोनशे पानी लाँगबुक, पुठ्ठ्याची. ॲप नको, बोर्ड नको, रंगीत चौकोनवालं काही नको, ते सगळं आम्ही केलं होतं आणि दोन आठवड्यांनी कोणी उघडत नव्हतं. मीटिंगच्या मध्यभागी वही उघडी ठेवायची. काही ठरलं की तिथल्या तिथे लिहायचं: तारीख, काय ठरलं, का ठरलं, कोण हजर होतं, आणि कोणाकोणाच्या कामात त्यामुळे बदल होतो. हे शेवटचं सगळे गाळतात, गाळू नका. नुसतं "अवसेला बाराला भरती" लिहून उपयोग नाही, पुढे "कथा ३, ऑडिओ २, नकाशा" असं आलं पाहिजे आणि त्या त्या माणसाने सही करायची. हसू नका, सही. ठरलेलं बदललं तर जुनं खोडायचं, पण वाचता येईल असं, एका रेघेने, व्हाइटनर लावाल तर माझ्याशी गाठ आहे. अजून घोळत असलेल्या गोष्टी मागच्या पानापासून उलट्या लिहायच्या, म्हणजे ठरलेलं आणि घोळणारं मिसळत नाही. त्याच संध्याकाळी पानाचा फोटो ड्राइव्हवर. वही सांभाळणारी व्यक्ती एकच, आणि ती लीडर नको, कारण लीडर बोलत असतो आणि बोलणारा लिहीत नाही. गाडीत, कट्ट्यावर, चहाला काही ठरलं तर ते ठरलेलं नाही. वहीत आलं की ठरलं.

आता डिजिटल. ड्राइव्ह कोणाच्या कॉलेजच्या मेल आयडीवर काढू नका, पास आउट झाल्यावर आयडी बंद झाला तर फाइल्स पण गेल्या. नवीन आयडी काढा, पासवर्ड दोघांकडे, कोणाकडे आहे ते वहीत. फुकटची जागा १५ जीबी, ऑडिओ त्यात पटकन भरतो, कच्चं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर ठेवा. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा, घरच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं दुसरीकडे पेस्ट केलं की नुसती किडामुंगी दिसते, आमची बारा पानं अशी गेली. फॉन्ट कुठला ते आधीच ठरवा, मुक्त परवान्याचा घ्या, ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) चालेल, पोस्टर आणि इन्स्टा दोन्हीकडे तोच. आणि ल आणि श मराठी वळणाचे येतायत का ते बघून घ्या, हिंदी वळणाचा ल पोस्टरवर बघितला की माझं डोकं फिरतं, तुमचं फिरत नसेल तर ठीक.

नावांचे उच्चार. ऑडिओत एक जण "माजगाव" म्हणणार, एक "माझगाव", आणि आपण बनवलेल्या नावांचा तर बट्ट्याबोळ. प्रत्येक नाव एकदा बोलून क्लिप करून ठेवा आणि वहीत, हो, वहीतच, नावापुढे तसा शेरा.

रेकॉर्डिंगला पंखा बंद, फोन एरोप्लेन मोडवर, गोधडी डोक्यावरून घ्या, घाम येतो, येऊ दे. शेवटी अर्धा मिनिट कोणी काही न बोलता खोलीचा आवाज घ्या, एडिटिंगला तोच उपयोगी पडतो. संध्याकाळी सहा-साडेसहाला कावळे, तेव्हा ठेवूच नका. कावळे मुद्दाम हवे असतील तर गोष्ट वेगळी.

हक्कांचं पहिल्याच मीटिंगला बोला, नंतर मैत्रीत बोलवत नाही. आपल्याकडे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि कोणी काही लिहून दिलेलं नसेल तर ज्याने जे केलं ते त्याचं. म्हणजे कोणी मध्येच सोडून गेलं तर त्याचं पात्र वापरायचं का, हा प्रश्न येतोच. आमचा नावाडी असाच गेला, त्याच्या लेखकासकट. काय ते ठरवा, एक पान लिहा, सगळ्यांच्या सह्या. कुठे? बरोबर.

प्रदर्शनाचं आता पटापट. हॉलमध्ये नेटवर्क येत नाही, सगळं पेनड्राइव्हवर ऑफलाइन. क्यूआर कोड मोठा छापा, भिंतीवर लावणार असाल तर अजून मोठा, दुसऱ्याच्या फोनवर तपासा. एक्स्टेन्शन बोर्ड दोन. सेलोटेप, कात्री, हेडफोन पुसायला कापड. झेरॉक्सची बिलं ठेवा नाहीतर पैसे विसरा. आदल्या दिवशी वही उघडून एकेक ओळ वाचायची आणि कथा, ऑडिओ, नकाशा तिन्हीशी ताडून बघायची, एकाने वाचायची, बाकीच्यांनी शोधायचं, दोन तास लागतील, लागू देत.

आत्याला यंदा आदल्या दिवशीच बोलावलंय. पहिली मीटिंग रविवारी अकराला, नेहमीच्या कट्ट्यावर. वही मी आणतेय, तरी कोणीतरी अजून एक आणा, माझा भरवसा नाही.